लग्नपत्रिकेवरची दोन नावं: वळणदार फॉन्ट निवडण्यापासून सोनेरी छपाईपर्यंत

चारशे पत्रिका होत्या. मरून कागद, वर सोनेरी फॉइल. फॉन्ट मीच निवडलेला, अगदी नाजूक, कटनिबनं (तिरक्या छाटलेल्या टोकाच्या पेनानं) लिहिल्यासारखा. स्क्रीनवर 'शर्वरी' बघून मुलीची आई म्हणाली, "हेच ठेवा, बदलू नका." फॉइल चढली आणि रफाराची ती केसाएवढी रेघ निम्म्या पत्रिकांवर उमटलीच नाही. मुलीचे वडील गठ्ठा घेऊन दुकानात आले, वरची पत्रिका टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "पोरीचं नाव शवरी केलंसा की हो."

पत्रिका माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. लक्ष्मीपुरीतल्या माझ्या गाळ्यात त्या दिवसापासून वळणदार फॉन्टचं काम एका ठरावीक क्रमानं होतं. तोच क्रम इथं लिहितोय. उदाहरण पत्रिकेचं घेतलंय, कारण कोल्हापुरात हा फॉन्ट सगळ्यात जास्त तिथंच लागतो. पण दुकानाची पाटी, तालमीच्या गणपतीचं पावतीपुस्तक, गुळाच्या बॉक्सवरचं लेबल किंवा स्टेजवरची ॲक्रिलिकची नावं यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी 'वळण' म्हणजे काय ते बघा

आपल्याकडे हाताला दोन वळणं होती. एक बाळबोध: अक्षर सुटं, सरळ, शब्द झाला की वर रेघ. दुसरं मोडी: आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची, मग तिला अक्षरं टांगत जायची आणि हात शक्यतो उचलायचा नाही. त्या न उचललेल्या हातामुळं मोडीत गोलाई आली, फराटे आले. आज जे फॉन्ट 'कॅलिग्राफी' म्हणून मिळतात त्यांचा सांगाडा बाळबोध असतो आणि झोक मोडीचा किंवा कटनिबचा. मोडी वाचता येत नसली तरी एखादं जुनं मोडी पत्र नुसतं डोळ्याखालून घाला. फॉन्टमधला कुठला फराटा हातातून आलाय आणि कुठला उगाच शोभेला चिकटवलाय हे त्यानंतर लगेच कळायला लागतं.

दुसरी खूण टोकाची. देवनागरीचा बोरू इंग्रजीच्या उलट बाजूनं तिरका छाटतात. त्यामुळं आपल्याकडं उजवीकडून डावीकडं उतरणारा फराटा जाड येतो आणि डावीकडून उजवीकडं उतरणारा बारीक. इंग्रजीत बरोब्बर उलटं. बाजारातल्या पुष्कळ 'स्टायलिश' फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराची जाडी-बारीकी उचलून मराठी अक्षराला लावलेली असते. अक्षर वाचता येतं, पण कुठंतरी खटकत राहतं. फॉन्ट निवडताना एकच शब्द १५० पॉइंटात मोठा करा आणि तिरक्या रेघांची जाडी बघा. खटकतंय ते नेमकं कशामुळं, ते तिथं सापडतं.

फॉन्ट कुठं वापरायचा, हे फॉन्ट निवडायच्या आधी ठरवा

पत्रिकेचा मजकूर हातात आला की मी पेन्सिलीनं दोन-तीन ठिकाणी गोल करतो. वराचं नाव, वधूचं नाव आणि फार तर 'शुभविवाह'. बस्स. आई-वडिलांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आपले नम्र, स्वागतोत्सुक, शेवटचं पोरांचं 'किलबिल' हे सगळं साध्या, सरळ फॉन्टात. गिऱ्हाईक म्हणतंच, "सगळंच त्या अक्षरात करा की, भारी दिसतंय." अशा वेळी वाद न घालता मी एक प्रिंट काढून देतो, आडनावांच्या यादीसकट, आणि म्हणतो, "यातलं सातवं नाव वाचा." दोन मिनिटांत विषय संपतो.

कारण सोपं आहे. हा फॉन्ट मोठ्या आकारात बघायला केलेला असतो. बारीक रेघ आणि जाड रेघ यांत मोठा फरक असतो, वेलांट्या लांब असतात. ११ पॉइंटात बारीक रेघ विरते, वेलांटी वरच्या ओळीत घुसते. सात बाय पाच इंचाच्या पत्रिकेवर मी नावं ३४ ते ४० पॉइंटांत घेतो आणि २४ च्या खाली कधीच उतरत नाही.

नाव टाइप करून बघितल्याशिवाय फॉन्ट ठरवू नका

नमुन्यात 'शुभविवाह' सुंदर दिसला म्हणून फॉन्ट घेतला, असं बहुतेक जण करतात. 'शुभविवाह' कुठल्याही फॉन्टात चांगलाच दिसतो. भ आणि व यांच्यासारखी गोल अक्षरं, एक उकार, एक ऱ्हस्व वेलांटी. परीक्षा घ्यायची ती जोडाक्षरांनी. माझ्याकडं एक ओळ कायमची टाइप करून ठेवलेली आहे:

पन्हाळ्याच्या दऱ्या, कऱ्हाडचे पाहुणे, ॲड. हर्षवर्धन, श्रद्धा, शृंगारपुरे, ज्ञानदा, क्षितिजा, कीर्ती, पृथ्वीराज, कौस्तुभ, सर्वांना.

यात मी काय बघतो ते सांगतो. 'दऱ्या' आणि 'कऱ्हाड' यांतला ऱ आडव्या चंद्रकोरीसारखा यायला हवा. रफार वर जाऊन 'दर्या' झाला तर डोंगरातली दरी समुद्र झाली. नुक्ता लागलेला सुटा र आणि पाय मोडलेला दिसला तर त्या फॉन्टात ही खूणच नाही. टाइप करताना इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे', मग 'डी' आणि मग 'य' किंवा 'ह', असं केलं की हा ऱ येतो. आपल्याकडं गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपुरे ही आडनावं काही कमी नाहीत. त्यामुळं हा फॉन्ट मराठीसाठी आहे की नाही, ते मी पहिल्यांदा इथंच ठरवतो.

'ॲड.' चा ॲ मराठी आहे, अ वर चंद्र. हिंदीचा ऍ वेगळा. काही फॉन्टात ए वरचा चंद्रच तेवढा असतो आणि ॲ च्या जागी रिकामा चौकोन येतो. 'कीर्ती'त दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार. 'सर्वांना'मध्ये रफार आणि अनुस्वार शेजारी. वळणदार फॉन्ट फसतो तो नेमका इथं, कारण वेलांटीचा लांब फराटा आणि रफार एकमेकांच्या अंगावर येतात.

मग ल आणि श. शाळेत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श शिकलो, आणि नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही तेच रूप धरलंय. हिंदीकडं झुकलेल्या फॉन्टात ल दांड्याचा आणि श गाठीचा येतो. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की आपली रूपं आपोआप येतात. न आल्यास ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या, तक्त्यात शोधायची.

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवर 'अमिता' बघा, दोन जाडींत मिळतो, कॅलिग्राफीकडं झुकलेला आहे. 'तिल्लाना' जरा खेळकर, बारशाच्या पत्रिकेला जास्त शोभतो. 'कलम' हा रोजच्या हस्ताक्षरासारखा, लग्नापेक्षा घरगुती समारंभाला बरा. दुकानाच्या पाटीसाठी 'यात्रा' आहे, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत: धंद्याच्या कामात वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. बाकी नेटवर 'फुकट' म्हणून जे मिळतं त्याच्या झिपमधली परवान्याची फाइल उघडून वाचा. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या पैशाच्या कामाला चालत नाही.

मजकूर व्हॉट्सॲपवरून आला की

तो युनिकोडमध्ये असतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक. आपल्या दुकानांतले जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, प्रत्येकानं कळीगणिक आपापली खूण बसवलेली. तो मजकूर या फॉन्टात टाकला की चौकोन किंवा भलतंच काहीतरी. मग आपण कन्व्हर्टरमधून काढतो. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम नीट करतो आणि उरलेल्यात ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ऱ्य-ऱ्ह यांचा घोळ घालतो. म्हणून नावांपुरतं तरी माझं धोरण पक्कं आहे: युनिकोड फॉन्ट आणि नाव स्वतः टाइप केलेलं. दोनच तर शब्द असतात.

युनिकोड फॉन्ट टाकूनही 'क्षितिजा'ची वेलांटी क्षच्या नंतर जाऊन बसली, पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसायला लागली, तर फॉन्टला शिव्या घालू नका. सॉफ्टवेअरला भारतीय लिपी जुळवायला सांगायचं राहिलंय. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडायचा. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय भाषांचा पर्याय असतो, तो चालू करायचा. कोरलड्रॉची फार जुनी आवृत्ती असेल तर मात्र इलाज नाही, एक्स-६ पासून पुढची घ्या.

आता जुळणी

अक्षरांतलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत नावं ऐसपैस दिसावीत म्हणून ट्रॅकिंग वाढवतात. मराठीत ते केलं की शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटलेलं नाव दात पडल्यासारखं दिसतं. नाव लांब हवं असेल तर पॉइंट वाढवा. बाजूला ओढून रुंदही करू नका, उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि कटनिबचा सगळा न्याय बिघडतो. बोल्डचं बटणही तसंच. फॉन्टात खरं बोल्ड नसेल तर सॉफ्टवेअर नुसतं अक्षर सुजवतं.

दोन नावांच्या ओळींत जागा भरपूर सोडा. इंग्रजीला पॉइंटाच्या सव्वापट अंतर पुरतं. आपल्याला वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार सांभाळायचे असतात, म्हणून मी दीडपटीपासून सुरू करतो. वरच्या ओळीत 'पृथ्वीराज' आणि खालच्या ओळीत 'कीर्ती' असेल तर ऋकार खाली येणार, वेलांटी वर जाणार, आणि दोघं मधे भांडणार. अशा वेळी खालचं नाव थोडं उजवीकडं सरकवा. नावं एकाखाली एक मधोमधच हवीत असं काही नाही. पायरीसारखी मांडली की फराट्यांना जागा मिळते आणि दिसतंही जास्त हातानं लिहिल्यासारखं.

मधला 'आणि' साध्या फॉन्टात, बारीक. तिथंही फराटा मारला की डोळा नावांवर न जाता 'आणि'वर जातो.

फराट्यांची पर्यायी अक्षरं ग्लिफच्या तक्त्यात मिळतात. लांब वेलांटी, झोक घेतलेला काना, शेपटीचा र, वगैरे. ती बघितली की माणसाचा हात आवरत नाही, माझाही आवरत नसे. आता नियम असा: एका नावाला एक फराटा, आणि तो शक्यतो शेवटच्या अक्षराला. 'शर्वरी'त दीर्घ वेलांटी शेवटी आहे, तिला लांबवा, बाकी दोन अक्षरं गप्प राहू देत. 'हर्षवर्धन'मध्ये दोन रफार आहेत. दोन्हींना झोक दिला तर नावाला दोन शिंगं फुटतात. शेवटच्या न चा काना खाली थोडा ओढा, पुरे. ही हौस आपल्या गावाला जुनीच आहे म्हणा. गाडीच्या नंबरप्लेटवर इंग्रजी चार-एक-चार-एक असं वळवून 'दादा' करणारी डोकी इथंही आहेत. ते नियमात बसत नाही आणि पोलीस पावती फाडतात हा भाग वेगळा.

पत्रिका दोन भाषांत असेल तर इंग्रजी नावासाठीही वळणदार फॉन्ट लागतो. तो घेताना फक्त दोन गोष्टी बघा: जाड रेघेची जाडी मराठीच्या जाड रेघेशी जुळते का, आणि सगळं नाव कॅपिटलमध्ये नाही ना. वळणदार इंग्रजी कॅपिटलं ही शब्दाच्या सुरुवातीला एकटी बसायला केलेली असतात, एकापुढं एक लावली की नाव वाचताच येत नाही. आकारही डोळ्यानं जुळवा. पॉइंट सारखे ठेवले तर इंग्रजी लहान किंवा मराठी फुगलेली दिसते.

कर्व्ह, वेल्ड आणि ०.३ मिलिमीटरची पट्टी

माझं 'शवरी' प्रकरण घडलं ते या पायरीवर.

जुळणी पक्की झाली की फाइलची एक प्रत तशीच ठेवा, मजकूर बदलता येईल अशी. दुसऱ्या प्रतीत नावं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकात जोडा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट. मराठी फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. छपाईत ते दिसत नाही. पण नुसती कडा छापायची असेल किंवा उद्यमनगरात लेसरवर ॲक्रिलिक कापायला दिलं, तर यंत्र प्रत्येक जोडावर रेघ मारतं आणि 'पृथ्वीराज' चार तुकड्यांत हातात येतो. वेल्ड केलं की सगळं नाव एकसंध, शिरोरेषेला टांगलेलं. इंग्रजी नाव कापताना अक्षरं जोडायला खालून पट्टी द्यावी लागते, आपल्याला शिरोरेषा आयतीच मिळते. फक्त अनुस्वार आणि चंद्रबिंदूचा ठिपका सुटा पडतो. त्याला मात्रेशी किंवा रेघेशी बारीक पूल द्या, नाहीतर 'संजय'चा 'सजय' होऊन स्टेजवर लटकेल.

आता पट्टी. ०.३ मिलिमीटर रुंदीचा एक छोटा आयत काढा, भडक लाल रंगाचा. तो उचलून नावातल्या सगळ्यात बारीक जागांवर ठेवत जा: रफाराची शेपटी, मात्रेचं टोक, वेलांटीचा वळसा जिथं निमुळता होतो ती जागा, उकाराचा गळा. पट्टीच्या खाली रेघ पूर्ण झाकली गेली तर ती फॉइलला पेलणार नाही. फॉइल तापलेल्या ब्लॉकच्या दाबानं चिकटते. बारीक रेघेला पुरेसा पृष्ठभागच मिळत नाही, त्यातून कागद खरखरीत असेल तर मग विचारूच नका. साध्या ऑफसेटला याहून बारीक चालतं. गडद रंगाच्या आत पांढरं अक्षर सोडायचं असेल तर मात्र शाई सगळ्या बाजूंनी आत सरकते, तिथंही मी हीच पट्टी वापरतो.

रेघ कमी भरली तर दोन उपाय. पहिला, अख्ख्या नावाला त्याच रंगाची ०.१ मिलिमीटरची कडा द्या. कडा निम्मी आत, निम्मी बाहेर पडते, म्हणजे दोन्ही बाजू धरून रेघ ०.१ नं जाडावते. मग त्या कडेचं ऑब्जेक्ट करून पुन्हा वेल्ड. याचा तोटा असा की अक्षरांतले डोळेही तेवढेच बुजतात. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांच्या आतली पांढरी जागा जरूर बघा. दुसरा उपाय जास्त वेळखाऊ आणि जास्त चांगला: जिथं बारीक आहे तिथलेच नोड (कडेवरचे ओढता येणारे बिंदू) पकडून हातानं ओढा. रफाराचे चार नोड असतात, दहा मिनिटांचं काम. शर्वरीच्या दुसऱ्या छपाईला मी हेच केलं, आणि खरं सांगायचं तर ते नाव मूळ फॉन्टपेक्षा चांगलं दिसलं.

प्रूफ

स्क्रीनवर मोठं करून दाखवलेलं प्रूफ म्हणजे प्रूफ नव्हे. खऱ्या मापात, साध्या कागदावर प्रिंट काढा, मापाला कापा, हातात धरा. हातभर अंतरावरून नाव एका दमात वाचता आलं पाहिजे. पाटीचं काम असेल तर फलकवाल्यांचा ठोकताळा आहे, दहा फुटांना एक इंच उंची. मराठीत ती उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा, मात्रा आणि उकार त्यात मोजू नका. महाद्वार रोडवर समोरच्या फुटपाथवरून पाटी वाचायची तर तेवढं लागतंच, त्यातून गर्दी आणि छत्र्या.

प्रूफ घरच्यांनी वाचून भागत नाही. त्यांना नाव पाठ असतं, म्हणून रफार नसला तरी त्यांना तो दिसतो. मी आमच्या शेजारच्या चहावाल्या मामांकडं प्रिंट देतो आणि विचारतो, "मामा, काय लिवलंय?" मामांनी अडखळत वाचलं की मी परत कॉम्प्युटरवर. एकदा त्यांनी 'ऋतुजा'चं 'त्रतुजा' वाचलं आणि फॉन्टच बदलावा लागला. त्यातला ऋ सुंदर होता, पण ऋ वाटत नव्हता.

सही घेताना पूर्ण पत्रिकेवर एक सही न घेता मी नावांना पेनानं गोल करून प्रत्येक गोलाशेजारी वेगळी सही घेतो. छापखान्यात जाताना पीडीएफ कर्व्ह केलेली, सोबत तोच कापलेला प्रिंट. आणि फॉइलचं काम असेल तर पहिल्या पाच पत्रिका दाबल्या की मशीन थांबवायला सांगायचं, त्या खिडकीजवळच्या उजेडात तिरक्या धरायच्या आणि बाकी काही न बघता आधी रफार, मग अनुस्वार, मग वेलांटीचं टोक बघायचं. माझ्या ओळखीचा मशीनवाला आता मला बघितलं की स्वतःच पाचव्या पत्रिकेला थांबतो.